गंग-हो: कौतुक की टोमणा?

ओवी_कोथरूड

मंडळी, एका शब्दापायी डोकं पिकलंय. इंग्रजीच्या जाणकारांनी जरूर वाचा.

हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे (नाव नको, इथले निम्मे सभासद तिथलेच निघायचे). सध्या अप्रेझलचा हंगाम. मला वर दोन साहेब: एक बाई अमेरिकेत, एक गृहस्थ इंग्लंडात. बाईंनी लिहिलंय, "शी इज गंग-हो अबाउट द मायग्रेशन." त्याच कामाबद्दल साहेब लिहितात, "अ बिट गंग-हो ॲट टाइम्स." बाईंच्या वाक्याखाली रेटिंग झकास. साहेबांच्या वाक्याखाली 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स', म्हणजे आपल्याकडे स्थळ बघून आल्यावर "मुलगी बरी आहे" म्हणतात तसलं.

एका शब्दकोशात 'अतिशय उत्साही' सापडलं. दुसऱ्यात 'मागचापुढचा विचार न करता उत्साही, विशेषतः लढाईबाबत'. लढाई? मी डेटाबेस हलवत होते हो.

तर हा शब्द नक्की कुठला, कधी वापरायचा आणि मुख्य म्हणजे मला शाबासकी मिळालीय की कानपिचकी?

बाजीराव_रस्ता

पुण्यात उत्साह दाखवल्याबद्दल कानपिचकीच मिळते. इंग्लंडातले साहेब मूळचे सदाशिव पेठेतले नाहीत ना, तेवढं बघून घ्या.

पुरोगामी_मिसळ

+१. आता कोणीतरी येऊन 'दुपारी एक ते चार' म्हणेल, त्याआधीच सांगतो: तो विनोद आता निवृत्तिवेतन घेतोय. त्याला त्रास देऊ नका.

रोहिणी_प्रभातरोड

ओवी, दोन्ही शब्दकोश बरोबर आहेत. अडचण अशी की तुझे दोन साहेब दोन वेगळ्या इंग्रजीत बोलतायत.

अमेरिकेत 'गंग-हो अबाउट समथिंग' म्हणजे ती व्यक्ती त्या कामावर जीव टाकून आहे. मनात खोट नसते, बहुतेक वेळा कौतुकच असतं. ब्रिटिश इंग्रजीत मात्र शब्दाला दारूगोळ्याचा वास येतो. तिथले कोश त्याच्यापुढे 'नापसंतीदर्शक' अशी खूण करतात. 'गंग-हो ॲप्रोच', 'गंग-हो ॲटिट्यूड' असं एखाद्या मंत्र्याबद्दल तिथल्या वर्तमानपत्रात छापून आलं, की त्याने घाईघाईत काहीतरी करून ठेवलंय असं समजावं.

शिवाय शेजारचे शब्द बघ. साहेबांनी 'अ बिट' आणि 'ॲट टाइम्स' लावलंय. ब्रिटिश माणूस 'अ बिट' म्हणतो तेव्हा ते 'बऱ्यापैकी' समजायचं. तेव्हा अमेरिकेकडून शाबासकी आणि इंग्लंडकडून मऊ हातमोजा घालून दिलेली चापट, असा माझा निकाल.

एक गंमत सांगते, तुझ्या उपयोगाची नसली तरी. नकारार्थी वाक्यात हा शब्द एकदम पाळीव होतो. "आय ॲम नॉट टू गंग-हो अबाउट इट" म्हणजे "मला फारसा रस नाही बुवा." तिथे लढाई नाही, अविचार नाही, फक्त सौम्य कंटाळा. रविवारी सकाळी कोणी सिंहगडावर चला म्हटलं की मी हेच म्हणते.

शब्दखोदू

या शब्दाची जन्मकथा मोठी मजेची आहे आणि ओवीताईंच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच दडलंय, असं माझं मत. चहा घेऊन बसा.

शब्द चिनी आहे. १९३७ साली जपानने चीनवर पूर्ण ताकदीने हल्ला चढवला. शांघायसारखी किनाऱ्यावरची औद्योगिक शहरं गेली, कारखाने गेले, कामगार निर्वासित होऊन देशाच्या आतल्या भागाकडे सरकले. रेवी ॲली नावाचा एक न्यूझीलंडर तेव्हा शांघायमध्ये होता, कारखान्यांची तपासणी हेच त्याचं काम. अमेरिकन पत्रकार एडगर स्नो, त्याची पत्नी हेलन फॉस्टर स्नो आणि काही चिनी मित्र यांच्याबरोबर त्याने एक कल्पना लढवली. मोठे कारखाने एका जागी उभे केले तर बॉम्ब पडणार, म्हणून आतल्या प्रांतांत छोटे-छोटे कारखाने पसरायचे आणि ते कामगारांनी सहकारी तत्त्वावर चालवायचे. १९३८ मध्ये ही चळवळ सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत संस्थांची संख्या हजारावर गेली. विणकाम, छपाई, साबण, अवजारं, जे लागेल ते. सैन्यासाठी लोकरीची ब्लँकेटं तर त्यांनी ढिगाने विणली.

या संस्थांना चिनीत लांबलचक नाव होतं: 'गोंगये हझुओशे'. गोंगये म्हणजे उद्योग, हझुओशे म्हणजे सहकारी संस्था. दोन्हींची पहिली अक्षरं घेऊन झालं 'गोंग-ह'. म्हणजे ज्या शब्दाने ओवीताईंची झोप उडवली तो मुळात 'औद्योगिक सहकारी संस्था' याचा शॉर्टफॉर्म आहे! आपल्याकडे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला 'जिमस बँक' म्हणतात, तसाच.

पण लिहायला घेतलं तर 'गोंग' या अक्षराचा सुटा अर्थ 'काम' आणि 'ह'चा 'एकत्र, जुळणं'. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला ते 'एकत्र काम करा' असं ब्रीदवाक्य वाटलं.

तो बाहेरून बघणारा म्हणजे इव्हान्स कार्लसन, अमेरिकन मरीन कोअरचा अधिकारी. १९३७-३८ मध्ये तो निरीक्षक म्हणून चीनमध्ये होता आणि कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर शेकडो मैल हिंडला. तिथे एक गोष्ट त्याच्या मनात भरली: साध्या शिपायालाही आपण का लढतोय आणि उद्या काय करायचंय हे समजावून सांगितलेलं असायचं. १९४२ च्या फेब्रुवारीत दुसरी मरीन रेडर बटालियन (रेडर म्हणजे छापे घालणारे) उभी राहिली, तिचा प्रमुख कार्लसन. त्याने अधिकाऱ्यांच्या खास सवलती बंद केल्या. सगळ्यांना एकच जेवण. आणि सभा घ्यायचा, तिला नाव 'गंग-हो मीटिंग'. तिथे हुद्दा बाजूला ठेवून कोणीही बोलायचं, प्रश्न विचारायचे, योजना समजून घ्यायची.

ऑगस्ट १९४२ मध्ये याच बटालियनने पाणबुड्यांतून जाऊन पॅसिफिकमधल्या मकिन बेटावर छापा घातला. हाताखालचा अधिकारी होता जेम्स रूझवेल्ट, खुद्द अध्यक्षांचा मुलगा. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं? पुढच्याच वर्षी हॉलिवूडने त्या छाप्यावर चित्रपट काढला, नावच 'गंग हो!' आणि शब्द घरोघर पोचला.

पोचला खरा, पण वाटेत काय झालं बघा. बाकीच्या मरीन लोकांना कार्लसनची ही भजनी मंडळी जरा जास्तच वाटायची. ते खिजवायला 'गंग-हो' म्हणू लागले: आले बघा, उत्साहाचे झरे! १९४३ मध्ये बटालियन कार्लसनच्या हातून गेली आणि १९४४ च्या सुरुवातीला रेडर बटालियनच मोडीत निघाल्या. सभा संपल्या. शब्द मात्र राहिला, आणि राहिला तो चित्रपटातल्या आरोळीसकट.

ज्या शब्दाचा अर्थ 'आधी सगळ्यांनी बसून विचार करू, मग एकत्र करू' असा होता, तो 'विचार न करता एकट्याने उडी घेणारा' या अर्थाला जाऊन टेकला. उत्साह शिल्लक राहिला, 'एकत्र' तेवढं गळून पडलं. ओवीताई, तुमच्या इंग्लंडच्या साहेबांना खटकलंय ते नेमकं हे गळलेलं 'एकत्र' असणार. मायग्रेशनच्या वेळी त्यांना न विचारता काही केलंत का?

ओवी_कोथरूड

वाचून गार झाले. हो, एका शनिवारी रात्री त्यांची वाट न बघता कटओव्हर (जुनं बंद करून नव्यावर जाणं) केला होता. बिनचूक झाला! पण त्यांना सोमवारी कळलं.

पुरोगामी_मिसळ

घ्या. डॉक्टरांनी नाडी न बघता रोग सांगितला.

बाजीराव_रस्ता

शब्दखोदू, 'औद्योगिक सहकारी संस्था' ही युद्धघोषणा होऊ शकते, हे वाचून जीव धन्य झाला. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत हा पुरावा दाखल करतो. लढाई तिथेही असतेच.

चिनी_शिकतेय

शब्दखोदूंची माहिती बरोबर आहे, थोडी भर घालते. मी पुण्यातच मँडरिन शिकते.

एक तर उच्चार. 'गंग' हा अमेरिकन कानाचा प्रताप. चिनी उच्चार 'गोंग'च्या जवळचा, त्यातला 'ग' आपल्या ग आणि क यांच्या मधोमध कुठेतरी. म्हणून जुन्या रोमन लेखनात तो 'कुंग हो' असा लिहिलेला सापडतो. दुसऱ्या अक्षराचा उच्चार 'हो' नाही आणि 'हे'ही नाही. 'ह' म्हणून पुढे ओठ न गोल करता 'अ' लांबवायचा.

आणि बीजिंगच्या माणसाला तुम्ही "मी फार गोंग-ह आहे" म्हणालात तर तो विचारेल, "कुठल्या सोसायटीचे सभासद?" उत्साहाचा अर्थ चिनी भाषेत नाहीच. तो सगळा इंग्रजीत जाऊन मिळाला.

रेवी ॲली आयुष्यभर चीनमध्येच राहिला आणि १९८७ मध्ये बीजिंगला वारला. त्याच वर्षी त्या सहकारी चळवळीची आंतरराष्ट्रीय समिती तिथे पुन्हा सुरू झाली होती. म्हणजे त्याच्या डोळ्यांदेखत शब्द अमेरिकेत जाऊन सैनिक झाला, आणि हा इकडे सहकारी संस्थाच काढत बसलेला.

सहकारमहर्षी_नाही

(आयडी बघून विचारू नका, ऊस नाही आमच्याकडे.)

सहकाराचा विषय निघाला म्हणून. ॲलीच्या संस्था चालू होत्या त्यानंतर दहाएक वर्षांनी आपल्याकडे प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. गाडगीळ म्हणजे पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे. सहकाराचं शिक्षण देणारी वैकुंठ मेहता संस्थाही इथेच, विद्यापीठ रस्त्यावर. आपल्याकडे मात्र 'सहकार' शब्दाचा अर्थ उत्साहाकडे न जाता भलतीकडेच गेला. कुठे, ते निवडणुकीच्या वर्षी विचारा.

पुरोगामी_मिसळ

संपादक मंडळ, राजकारण सुरू झालंय.

संपादक_२

अजून झालेलं नाही. पण सहकारमहर्षी_नाही, 'भलतीकडे'पाशीच थांबा.

निवृत्त_घोरपडी

फौजेत होतो, म्हणून दोन शब्द. मेसमध्ये हा शब्द आम्ही पुष्कळ ऐकला. नवीन सेकंड लेफ्टनंट आला, पहिल्याच आठवड्यात प्रत्येक गस्तीला "सर, मी जातो" म्हणायला लागला, की सीनियर एकमेकांकडे बघून म्हणायचे, "व्हेरी गंग-हो." त्यात प्रेम असायचं आणि धाकधूकही. कारण असा पोरगा एक तर शौर्यपदक आणतो, नाही तर आपल्याला त्याच्या आईला पत्र लिहावं लागतं.

आपल्या फौजेत यासाठी स्वतःचा शब्द आहे: जोश. पण तो एकटा कधी सोडत नाहीत. "जोश के साथ होश" हे प्रत्येक जवानाला पाठ असतं. रोहिणीताईंनी ब्रिटिश आणि अमेरिकन असा भेद सांगितला तो पटला. मी म्हणेन, हुद्द्याचाही भेद बघा. बरोबरीचा माणूस 'गंग-हो' म्हणाला तर थट्टा. वरचा म्हणाला तर लगाम. हाताखालचा म्हणाला तर तक्रार: "साहेब स्वतः गंग-हो आहेत, मरायचं आम्ही."

ढोलवाला_नारायणपेठ

काकांचं वाचून आमचं पथक आठवलं. सरावाला नवीन पोरं येतात ना, त्यातला एक दरवर्षी असा असतोच. कमरेला ढोल बांधला की त्याला जग दिसत नाही. ताशा काय सांगतोय इकडे लक्ष नाही, ठेका सोडून टिपरू असं हाणतो की पहिल्याच आठवड्यात पान फोडतो. त्याच्या शेजारी एखादी मुलगी तेवढ्याच जोरात वाजवत असते, पण कान ताशावर. लक्ष्मी रोडला सहा-सात तास झाल्यावर पुढची-मागची रांग तिच्याकडे बघून वाजवते. ओवीताईंच्या अमेरिकन बाईंना ती दिसली आणि इंग्लंडच्या साहेबांना तो.

ओवी_कोथरूड

म्हणजे माझं पान फुटलं का?

ढोलवाला_नारायणपेठ

नाही ताई, पान शाबूत आहे. फक्त ताशेवाल्याला सोमवारी कळलं.

मुक्ता_अनुवादक

उशिरा आले, पण माझा प्रश्न वेगळा आहे. याला मराठीत काय म्हणायचं? मी अनुवाद करते आणि हा शब्द आला की अडते, कारण मराठीत उत्साहाचे शब्द भरपूर, पण कौतुक आणि टोमणा दोन्ही एकाच पिशवीत घेऊन फिरणारा शब्द चटकन हाती लागत नाही.

'हुरूप', 'उमेद' फार सज्जन आहेत. 'धडाडी'त कौतुकच. 'चेव' दुसऱ्या टोकाला, 'चेकाळणं' तर अपमानच. 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' छान आहे, पण त्यात घाई आहे, झोकून देणं नाही. 'बाह्या सरसावून' आणि 'पदर खोचून' मला आवडतात, कारण भांडायलाही सरसावतात आणि कामालाही. पण वाक्यात दर वेळी बसत नाहीत. सीईओला पदर कुठून आणायचा?

सध्या 'हिरिरीने' वापरते. हिरिरीने काम करणारा चांगला, हिरिरीने वाद घालणारा नकोसा. जवळ येतो, तरी अविचार त्यात नाही.

शब्दखोदू

मुक्ता, 'झपाटलेला' बघा. भुताने झपाटलं तर मांत्रिक आणतात, कामाने झपाटलं तर सत्कार करतात. दोन्ही एकाच धातूचे.

आणि हे फक्त मराठीतच नाही. इंग्रजी 'एन्थुझियाझम' हा आज इतका गोजिरवाणा शब्द, बायोडेटात सगळे टाकतात. त्याचं ग्रीक मूळ म्हणजे 'देव आत शिरलेला', आपलं सरळसरळ 'अंगात येणं'. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडात तो शिवीसारखा वापरायचे. ज्याला वाटतं की देव थेट माझ्याशी बोलतो, बुद्धीची मला गरज नाही, तो 'एन्थुझियास्ट'. तत्त्वज्ञ जॉन लॉकने आपल्या ग्रंथाच्या १७०० सालच्या चौथ्या आवृत्तीत या रोगावर आख्खं प्रकरण घातलं. पुढे मेथॉडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या प्रचारकांनाही हाच शब्द फेकून मारला गेला. 'फॅन' हा 'फॅनॅटिक'चा तुकडा, आणि 'फॅनॅटिक'च्या मुळाशी लॅटिनमधलं देऊळ.

थोडक्यात, इंग्रजीत उत्साहाचे शब्द देवळातून निघालेत, 'गंग-हो' एकटा सोसायटीच्या ऑफिसातून. आणि प्रवासही उलटा: 'एन्थुझियाझम' शिवीतून कौतुकात आला, हा बिचारा कौतुकातून अर्धा शिवीत गेला.

मुक्ता_अनुवादक

'झपाटलेला' घेते. पण साहेबांच्या वाक्यात बसत नाही. "कधीकधी जरा झपाटलेली असते" असं अप्रेझलमध्ये वाचलं तर मी राजीनामा देईन.

रोहिणी_प्रभातरोड

साहेबांच्या वाक्यासाठी माझी सूचना: "कधीकधी जरा भरात येते." 'भरात येणं' खेळाडूचं चांगलं, बोलण्याच्या भरात केलेलं वाईट. दोन्ही दारं उघडी राहतात.

मुक्ता_अनुवादक

वा! हे चोरते.

बाजीराव_रस्ता

'आधी लगीन कोंढाण्याचं' विसरलात का सगळे? याहून गंग-हो मराठीत काय असणार?

निवृत्त_घोरपडी

तानाजीरावांना यात ओढू नका. ब्रिटिश अर्थाने तर मुळीच नाही. १६७० च्या फेब्रुवारीत रात्रीच्या काळोखात, पहाऱ्याची जागा टाळून अवघड बाजूने कडा चढणं हे भरात येऊन होत नाही. कुठून चढायचं, किती माणसं, बाकीची कुठे थांबणार, हे आधी ठरलेलं असावं लागतं. मोहिमेला 'हो' म्हणण्यात जोश होता. मोहीम होशात झाली.

बाजीराव_रस्ता

काका, शब्द मागे घेतो. कार्लसनच्या मूळ अर्थाने म्हणू का मग? सगळ्या मावळ्यांना योजना माहीत होती.

निवृत्त_घोरपडी

त्या अर्थाने म्हणा. हरकत नाही.

तेजीमंदी

मंडळी, हा शब्द आपल्याकडे सगळ्यात जास्त कोण वापरतं माहितीय का? शेअर बाजाराची चॅनेलं. "ब्रोकर्स आर गंग-हो ऑन डिफेन्स," "गंग-हो ऑन पीएसयू बँक्स." रोहिणीताई 'अबाउट' म्हणाल्या, पण आपले अँकर 'ऑन' लावतात. हे चूक का?

रोहिणी_प्रभातरोड

चूक म्हणणार नाही. 'बुलिश ऑन' (भाव चढेल अशी खात्री) म्हणतात त्याच्या संगतीने हा 'ऑन' आला असावा. बाजाराच्या भाषेत चालतं. बाहेर, पत्रात किंवा निबंधात, 'अबाउट' लाव. क्रियापद जोडायचं तर 'टू': "दे आर गंग-हो टू स्टार्ट." मध्ये आडवी रेघ देतात. आणि शब्द अनौपचारिक आहे, तेव्हा बँकेला अर्ज करताना "आय ॲम गंग-हो अबाउट युअर लोन" लिहू नकोस.

तेजीमंदी

बँक आधीच नाही म्हणाली. पण 'ऑन' वापरलं की अनुभवाने सांगतो: चॅनेलवर सगळे एकदम गंग-हो झाले की आम्ही विकायला काढतो. आमच्याकडे शब्दाचा तिसरा अर्थ तोच.

पुरोगामी_मिसळ

भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी बाल्कनीतून "अरे आवाज कुणाचा" सुरू होतं, ते गंग-हो का?

ढोलवाला_नारायणपेठ

कार्लसनच्या अर्थाने शंभर टक्के. एकत्र काम. फक्त स्टेजवरचे वेगळे आणि बाल्कनीतले वेगळे.

पुरोगामी_मिसळ

आणि हरलेल्या कॉलेजचं ब्रिटिश अर्थाने.

ओवी_कोथरूड

सगळ्यांचे आभार. आता सेल्फ-असेसमेंट भरायचंय. रोहिणीताई, मीच स्वतःबद्दल 'गंग-हो' लिहिलं तर? म्हणजे अंगावर घ्यायचं, मिरवायचं.

रोहिणी_प्रभातरोड

अमेरिकन बाईंसाठी चालेल, इंग्लंडचे साहेब भुवई उडवतील. फॉर्म दोघे वाचणार असतील तर 'कीन' किंवा 'होलहार्टेड' लिही. 'कीन' ब्रिटिशांना आवडतो, त्यात उत्साह आहे आणि कोणी घाबरत नाही. 'ईगर' जरा शाळकरी वाटतो. 'पॅशनेट' कृपा करून नको, तो आता बिस्किटाच्या पुड्यावरही असतो.

आणि कटओव्हरबद्दल लिहिताना कोणाला कधी कळवलं त्याच्या तारखा टाक. विशेषणापेक्षा त्या कामाला येतील.

निवृत्त_घोरपडी

पुढच्या वेळी शनिवारी रात्रीच एक मेसेज टाकायचा, पोरी. "जातेय" एवढाच. परवानगी नको, खबर हवी.

ओवी_कोथरूड

हो काका. टाकते.

सोलापुरी_चादर

धागा आत्ता वाचला. १९३८, चीन, आठवी मार्ग सेना आणि पुण्या-मुंबईच्या मंडळींनी आमचं नाव काढू नये? डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या सोलापूरचे. काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईहून चीनला निघाले. पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. जी आठवी मार्ग सेना बघून कार्लसन भारावला, तिच्याच जखमी सैनिकांवर ते शस्त्रक्रिया करत होते. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी गेले. त्याच वर्षी तिकडे पॅसिफिकमध्ये कार्लसनच्या सभा चालू होत्या.

आणि हो, सैन्यासाठी ब्लँकेटं विणणाऱ्या सहकारी संस्था हे वाचून सोलापूरकराचा ऊर भरून येणारच. माझा आयडी बघा.

चिनी_शिकतेय

माझ्या चिनी सरांना 'गंग-हो' माहीत नव्हतं, पण 'के दिहुआ' म्हटल्यावर लगेच ओळखलं. कोटणीसांचं चिनी नाव. शिजियाझुआंगला त्यांचा पुतळा आहे, तिथे आजही लोक जातात. सोलापुरात काही आहे का?

सोलापुरी_चादर

आहे तर. भय्या चौकात त्यांच्या घरातच स्मारक केलंय. पुण्याहून सकाळची गाडी पकडलीत तर दुपारच्या जेवणाला पोचाल. शेंगाचटणी आमच्याकडून.

बाजीराव_रस्ता

कट्टा ठरवा. मी गंग-हो.

सोलापुरी_चादर

कुठल्या अर्थाने ते आधी सांगा, त्यावर भाकरी किती टाकायच्या ते ठरेल.